नाव खोटं, हजेरी खरी

मंदाबाई,

रेखाचा फोन आला तेव्हा मी तिवस्याच्या कामावर होतो. "सलीमभाऊ, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं काय म्हणालो, माझं मलाच कळलं नाही. मग परत फोन लावला, तेव्हा तिकडून नुसतं रडणं ऐकू आलं. तासाभरात मी अकोल्याच्या एसटीत होतो.

आज आठ दिवस झाले. तुम्हाला कधी पत्र लिहायची वेळ आली नव्हती. फोनवर तुम्ही इतकं मोठ्यानं बोलायच्या की माझी अम्मी पलीकडच्या खोलीतून तुम्हाला उत्तरं द्यायची. पण एक गोष्ट अशी आहे की जी मी तुम्हाला ना फोनवर सांगू शकलो, ना समोर बसून. तुम्ही मला शंभर गोष्टी तोंडावर सुनावल्या. मला तुम्हाला ही एक सांगता आली नाही. म्हणून लिहायला बसलोय. सगळं सुरुवातीपासून सांगतो. कुठं चुकलं तर आता टोकायला तुम्ही नाही, हीच काय ती पंचाईत.

मी अचलपूरचा, रुई पिंजणाऱ्याच्या घरातला. अमरावतीतून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि अकोल्याबाहेर मुलींच्या वसतिगृहाचं काम चालू होतं तिथं सुपरवायझर म्हणून लागलो. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिलाच. त्यामुळे मी खुर्चीवरून फारसा उठत नसे. मुकादम रोज सकाळी मजुरांच्या नावांची चिठ्ठी पाठवायचा आणि मी पत्र्याच्या खोलीत बसून मस्टरवर खुणा करायचो. हजेरी झाली.

एके दिवशी त्यानं चिठ्ठी तुमच्या हाती पाठवली. तुम्ही तेव्हा रेजा होता, डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या. मुकादमाला वाटलं, बाईला कुठं वाचता येतं. तुम्ही सातवी पास आहात हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. चिठ्ठी टेबलावर ठेवून तुम्ही तिथंच उभ्या राहिल्या.

"साहेब, एक इचारू का? तुमी हजेरी घेता का हजेरी लिहिता?"

मला राग आला. म्हटलं, "बाई, आपलं काम करा."

"काम तं करून राहिली मी. पन या चिठ्ठीत माह्या नावाखाली जे कमलाबाई हाय, ते मले दाखवा कुठी हाय ते. तिच्याखालच्या सहा बाया बी दाखवा. माह्या संगं काम करतेत म्हने, अन् म्या एकीचं तोंड पायलं नाई."

मी उठलो. खरं सांगतो, तुमच्यावर विश्वास ठेवून नाही उठलो. तुम्हाला खोटं पाडायला उठलो. तुम्ही पुढं, मी मागं. तळमजला झाला, पहिला मजला झाला, वाळूचा ढीग, विटांचा चट्टा, सगळं झालं. कमलाबाई कुठं नव्हती. बाकीच्या सहाही नव्हत्या. परत खोलीत आलो तेव्हा माझे कान तापले होते. तुम्ही मात्र घमेलं उचललं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं की हजेरी मंदाबाईंकडे द्या. शेठ म्हणजे ठेकेदाराचे भागीदार. साइट तेच बघायचे. नसलेल्या मजुरांचा भुर्दंड त्यांनाच बसत होता, तेव्हा ते लगेच तयार झाले. मुकादम मात्र चारचौघांत हसला. "आता बाई हजेरी घेईन काय?" तुम्ही म्हणालात, "घेईन. तुमची बी घेईन."

तुम्ही माळ्याच्या घरच्या. बाजारात बसून फुलं विकत तुमची वीस वर्षं गेली होती. मळ्यातली विहीर आटली, शेवंती गेली, झेंडू गेला, म्हणून तुम्ही घमेलं उचललं होतं. एकदा मी विचारलं की इतके चेहरे ध्यानात कसे राहतात. तुम्ही म्हणालात, "कोन्या घरी कोनतं फूल जाते हे ध्यानात ठेवल्याबिगर गिऱ्हाईक टिकते का?"

तुमची हजेरी म्हणजे नुसती नावं पुकारणं नव्हतं. सकाळी एक फेरी, जेवणानंतर दुसरी, सुट्टीआधी तिसरी. प्रत्येक माणूस जिथं काम करत असेल तिथं तुम्ही जायच्या, तोंड बघायच्या आणि घरचं काही तरी विचारायच्या. "म्हैस व्याली का?" "सासूचा ताप उतरला का?" मला वाटायचं, बाई गप्पा मारत वेळ घालवते. एकदा मुकादमानं एका गैरहजर माणसाच्या जागी त्याचा परगावचा चुलतभाऊ उभा केला. चेहरा सारखा, डोक्याला फडकं सारखं. तुम्ही विचारलं, "म्हैस व्याली का?" तो म्हणाला, "व्याली." तुम्ही त्या नावापुढं गैरहजेरी मांडली. त्या घरी म्हैस नव्हतीच. हे कळल्यावर मी पोट धरून हसलो होतो. तुम्ही हसल्या नाही. म्हणालात, "हासू नका साहेब. ज्याची हजेरी चोरली, तो मानूस होता का नव्हता हेच कोनाले समजत नाई."

ती वर्षं कशी होती ते तुम्हाला मी काय सांगू? आपल्या वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात यायचं, आणि कशासाठी यायचं ते वाचायला नको वाटायचं. ज्यांच्या शेतात कालपर्यंत मजूर राबायचे, ते लोक सकाळच्या एसटीनं मजूर होऊन अकोल्यात उतरायचे. हातांना घट्टे नसायचे. सदरा धुतलेला, इस्त्रीच्या घडीचा असायचा. पहिल्या दिवशी तसल्या सदऱ्यावर सिमेंट उडालं की ते लोक ते झटकत बसायचे.

रामदास त्यातलाच. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. भातकुलीकडच्या एका गावातून आला होता. अमरावती त्याला जवळ होती, तरी तो इतक्या लांब अकोल्यात आला, आठवडाभर साइटवरच राहायचा आणि शनिवारी घरी जायचा. तुम्ही "रामदास" म्हणून पुकारलं की तो लगेच ओ देत नसे. दोन क्षण जायचे आणि मग चटका बसल्यासारखा "हो, हो" म्हणायचा. हे माझ्याही लक्षात आलं होतं. मी तुम्हाला म्हटलं, "हा माणूस खोटा आहे. नाव काढून टाका."

तुम्ही मला विटांच्या चट्ट्यामागं नेलं. "तो खोटा नाई साहेब. नाव खोटं हाय. वासुदेव हाय त्याचं नाव. गावात वासुदेवराव म्हनतेत, घरची बारा एकर हाय. बायकोले सांगतलं का अकोल्याच्या दालमिलीत दिवानजी हाय. घमेलं उचलतो हे गावात समजलं त तोंड कसं दाखवू म्हनते."

"पण मग मस्टर खोटं झालं ना."

"नाव खोटं असलं त चालते. मानूस खोटा नाई पायजे."

मी म्हटलं, हे कायद्यात बसत नाही. तुम्ही म्हणालात, कायद्याले विचारा, लाज कुठी ठेवाची. पुढं कितीतरी वर्षं आपण ह्यावर भांडलो. मी म्हणायचो की नोंद म्हणजे नोंद. तुम्ही म्हणायच्या की नोंद कागदाची असते आणि हजेरी माणसाची. हे भांडण कधी मिटलं नाही. त्या वेळी मात्र मस्टरवर रामदास तसाच राहिला.

मग ती दुपार आली. दिवाळीच्या आधी दोन दिवस अवकाळी पाऊस झाला होता. वसतिगृहाच्या मागं पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खोदला होता, दोन पुरुष एकावर एक उभे राहतील एवढा खोल. आपली काळी माती उन्हात दगड असते आणि पाणी लागलं की लोणी. वर खोदलेल्या मातीचा ढीग अगदी काठावर टाकलेला. तो हलवा म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला पाहिजे होतं; हे मी माझ्या खात्यावर ठेवतो.

तीनच्या सुमाराला एक बाजू बसली. मोठा आवाजही झाला नाही. पोतं टाकावं तसं धप्प झालं आणि मागोमाग किंकाळ्या. आम्ही पळालो. खड्ड्यातून दोघं जण आपले आपण वर चढत होते, तिसऱ्याला लोकांनी हात धरून ओढलं. मुकादम काठावरून ओरडत होता, "सगळे वर आले! झालं! जेसीबी लावा, माती उपसा!" जेसीबी पलीकडंच उभा होता. चालकानं तो चालू करून खड्ड्याकडं वळवला.

तुम्ही मस्टर छातीशी धरून आल्या आणि त्या गोंधळात नावं पुकारायला लागल्या.

मुकादम अंगावर आला. "हे काय हजेरीची येळ हाय का?"

"हेच हजेरीची येळ हाय!"

तुमचा आवाज मी तसा ना आधी ऐकला होता, ना नंतर ऐकला. लोक गप्प झाले. एकेक जण ओ देत गेला. कुणी रडत, कुणी खोकत. तुम्ही प्रत्येकाकडं मान वर करून बघत होता. नुसत्या आवाजावर तुमचं कधीच भागलं नाही. "रामदास," तुम्ही पुकारलं. कुणी बोललं नाही. मी मनात दोन क्षण मोजले. मग आणखी दोन.

"तो जेवाले गेला तो आलाच नाई," मुकादम म्हणाला. "असे लोक येतेत न् पयून जातेत."

"दोन वाजता म्या त्याले त्या कोपऱ्यात फळ्या लावताना पायलं. पोरीच्या पायातला काटा निंगाला का म्हनून इचारलं. निंगाला म्हने. तो खाली हाय."

जेसीबीचं बकेट पुढं सरकत होतं. तुम्ही त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चालकानं हॉर्न दिला. तुम्ही हलल्या नाही. "बंद कर! तुह्या दातायखाली मानूस हाय!" त्यानं इंजिन बंद केलं आणि एकदम सगळं शांत झालं.

तुम्ही काठावर गुडघे टेकून वाकल्या. "रामदास!" काही नाही. "ओ रामदास!" काही नाही. मग तुम्ही माझ्याकडं पाहिलं. एकदाच. आणि खाली तोंड करून, सगळ्यांच्या देखत हाक मारली, "वासुदेवभाऊ! ओ वासुदेवभाऊ!"

खालून कण्हल्याचा आवाज आला.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. फावडी जपून, सब्बल-पहार नाहीच, शेवटी तर नुसते हात. बायका घमेल्यांची रांग लावून माती वर देत होत्या. कोपऱ्यातली सेंट्रिंगची फळी भिंतीला टेकून तिरपी अडकली होती आणि त्या फळीखालच्या पोकळीत तो दुमडून बसला होता. एक पाय मोडलेला, तोंडात माती, पण श्वास चालू. जेसीबीनं तिथं एकदा जरी दात लावला असता, तर ती फळी सुटली असती. हे मी सुपरवायझर म्हणून सांगतो, भावनेच्या भरात नाही.

आता ती गोष्ट.

त्या संध्याकाळी शेठनी मला पत्र्याच्या खोलीत बोलावलं. तुम्ही तेव्हा दवाखान्यात होता. शेठनी दार लोटलं आणि शांतपणे विचारलं, "मस्टरवर वासुदेव नावाचा कुणी आहे का?"

"नाही. रामदास आहे. तोच तो."

"रामदास नावाचा माणूस जगात आहे का?"

मी टेबलावरचं मस्टर मिटलं.

"म्हणजे मस्टरवर जो आहे तो जगात नाही, आणि जो दवाखान्यात आहे तो मस्टरवर नाही. बाहेरचा माणूस, पाणी प्यायला आला आणि पडला. तू साइटचा जबाबदार माणूस. लिही."

मी लिहिलं, मंदाबाई. चार ओळी लिहिल्या. अक्षर चांगलं काढलं. कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला आले की त्यांच्यासमोर सही कर, असं शेठ म्हणाले. मी तो कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दवाखान्यात घेऊन गेल्या. रस्ताभर तुम्ही एकच बोलत होता, "म्या त्याचं नाव फोडलं सलीमभाऊ. इश्वासानं सांगतलं होतं त्यानं." मला साहेब सोडून सलीमभाऊ तुम्ही त्याच दिवशी पहिल्यांदा म्हणालात. वासुदेव पाय टांगलेल्या अवस्थेत पडून होता. तुम्ही हात जोडून म्हणालात, "भाऊ, चुकी झाली. गावात समजलं असन आता."

तो म्हणाला, "बाई, रामदास म्हनून कोनी हाका मारून राहिलं हे मले ऐकू तं येत होतं. पन ते मले हाय असं वाटलंच नाई."

त्याची बायको उशाशी बसली होती. भातकुलीहून पहाटेच आली होती. ती तुम्हाला म्हणाली, "तुमी नाव फोडलं नसतं त मी याले कोन्या दालमिलीत शोधत फिरली असती?"

तुम्ही दोघी गळ्यात पडून रडल्या. मी खिशावर हात ठेवून उभा होतो.

तिसऱ्या दिवशी तपासणीला अधिकारी आले. मध्यमवयीन, चष्मा लावलेले, घाईत असलेले. तळमजल्याच्या बिनगिलाव्याच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी टेबल मांडलं होतं. शेठनी आपलं म्हणणं सांगितलं. अधिकाऱ्यांनी मस्टर चाळलं आणि तुम्हाला विचारलं, "बाई, इथं तर वासुदेव नाही. मग तो इथं कामावर होता हे कशावरून?"

"म्या पायलं म्हनून."

"तुम्ही पाहिलं, हा काय पुरावा झाला?"

"मंग घ्या परीक्षा," तुम्ही म्हणालात.

बहुतेक त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी सगळ्या मजुरांना कसंही, उलटसुलट रांगेत उभं करायला सांगितलं. मस्टर स्वतःच्या हातात घेतलं. तुम्ही रांगेच्या टोकाला गेल्या आणि सुरू झाल्या. हा अमुक, या गावचा, परवा दुसऱ्या मजल्यावर विटा देत होता. ही अमुक, सोमवारी आली नाही, पोराला गोवर आला होता. हा मिस्त्री, बुधवारी अर्ध्या दिवसानं गेला. अधिकारी मस्टरवर बोट फिरवत होते. पहिले दहा जण होईपर्यंत ते खुर्चीला टेकून होते. मग ते पुढं सरकले. मग उठून रांगेबरोबर चालायला लागले. एकदा तुम्ही चुकल्या. मंगळवार म्हणालात, दोन पावलं पुढं गेल्या आणि मागं वळून म्हणालात, "नाई साहेब, सोमवार. मंगळवारी त्याचा भाऊ नव्हता." त्यांनी बघितलं. सोमवारच होता.

रांगेच्या मध्यावर एका माणसापुढं तुम्ही थांबल्या.

"याचं नाव?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मस्टरावर हाय ते येगळं हाय. खरं मी नाई सांगनार. एकाचं सांगून बसली मी."

शेठ पटकन म्हणाले, "बघा साहेब! खोटी नावं! सगळं मस्टरच खोटं आहे."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "बाई, मग हे मस्टर मी खरं कसं मानू?"

तुम्ही जे उत्तर दिलं ते मी आजवर शेकडो जणांना सांगितलं आहे. "साहेब, नाव त्यानं देल्लं ते म्या लिहिलं. मानूस म्या माह्या डोयानं पायला. नाव खोटं हाय, हजेरी खरी हाय."

मग तुमच्या समोरचा तो माणूस बोलला. घसा खाकरून त्यानं आपलं नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं. त्याची मान वर होती. त्याच्यामागून चौथ्या जागेवरची एक बाई बोलली. मग टोकाचा एक म्हातारा. असे पाच जण आपल्या खऱ्या नावानं बोलले, आणि अधिकारी स्वतःच्या पेननं मस्टरवर एकेक नाव दुरुस्त करत गेले. लाजेनं काळजात दडवलेली नावं होती ती. तुम्ही एकही मागितलं नव्हतं.

मग ते माझ्याकडं वळले. "तुम्ही सुपरवायझर ना? तुमचं काय म्हणणं आहे?"

शेठ माझ्या खिशाकडं बघत होते.

मी म्हटलं, "दुपारची हजेरी झाली होती. तो माणूस आमच्याच कामावर होता. बाई म्हणतात ते खरं आहे."

एवढंच. तो कागद मी त्या संध्याकाळी चुन्याच्या हौदात टाकला आणि विरघळेपर्यंत बघत उभा राहिलो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. वासुदेवरावांच्या दवाखान्याचा खर्च ठेकेदाराला करावा लागला. प्लास्टर निघाल्यावर ते त्याच कामावर चौकीदार म्हणून बसले, आपल्या नावानं, आणि इमारत पूर्ण झाल्यावर गावी गेले. मुकादम दुसरीकडं गेला. शेठ माझ्याशी बोलेनासे झाले, पण तुम्हाला काढायची हिंमत त्यांना झाली नाही. तुमचं नाव मात्र अकोल्यातून अमरावतीपर्यंत गेलं. काही ठेकेदार विचारत यायचे, "ती हजेरीवाली बाई मिळेल का?" काही जण काम सुरू करायच्या आधीच अट घालायचे की ती बाई सोडून कुणीही द्या. मला या दुसऱ्यांच्या अटीचाच जास्त अभिमान वाटायचा. तुम्ही पुढं आणखी सहा-सात जणींना तयार केलं. त्यातली एक आज माझ्याकडं तिवस्याला आहे. ती हजेरी घेताना समोरच्याचं तोंड असं बघते की मला मधूनच दचकायला होतं.

मग मी ते अंगठ्याचं यंत्र आणलं आणि आपलं दुसरं भांडण सुरू झालं. अमरावतीच्या कामावर मोठ्या हौसेनं लावलं होतं. तुमचाच अंगठा पहिला ठेवला. यंत्रानं ओळखला नाही. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, नाहीच ओळखला. इतकी वर्षं मळ्यातली माती, मग सिमेंट आणि विटा हाताळून रेषाच राहिल्या नव्हत्या. तुमच्यामागं उभ्या असलेल्या निम्म्या बायकांचं तेच झालं. तुम्ही अंगठा माझ्यापुढं धरला. "पाहा. जितकं जास्त काम केलं, तितका मानूस या डब्याले कमी दिसते."

मी म्हटलं, यंत्राला कुणी फितवू शकत नाही. तुम्ही म्हणालात, "मले कोनी फितवलं का?" मी तसं म्हणालो नव्हतो, पण तुम्हाला ते तसंच लागलं, आणि लागायलाच हवं होतं. चार महिने तुम्ही माझ्याशी बोलल्या नाही. शेवटी अम्मीच्या गुडघ्याचं निमित्त काढून तुम्हीच फोन केला. यंत्र मी काढलं नाही. पण त्याच्या शेजारी माणूस उभा ठेवल्याशिवाय ते कुठंच लावलं नाही. तुम्ही म्हणायच्या, अर्धी अक्कल आली. उरलेल्या अर्ध्या अकलेवर आपलं बोलणं व्हायचं राहिलंय.

मागच्या महिन्यात मी तुम्हाला भेटायला आलो ते तो कागद सांगायचाच असं ठरवून. तुम्ही खाटेवर होता, आवाज बारीक झाला होता. फोनवर तुम्ही मोठ्यानं बोलायच्या ते कमी ऐकू येतं म्हणून, असं मी समजत होतो. तो आवाज असा एकदम उतरलेला बघून माझं धैर्य गेलं. तुम्ही अम्मीचं विचारलं, माझ्या पोरीच्या शाळेचं विचारलं, तिवस्याच्या स्लॅबचं विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली आणि निघालो. दारात वळून पाहिलं तर तुमचे डोळे मिटलेले होते.

तुमच्या मातीला किती लोक आले होते, मंदाबाई! अमरावतीहून दोन टेम्पो भरून बांधकामावरची माणसं आली होती, कामाचा दिवस बुडवून. वासुदेवराव काठी टेकत आले होते, बायको आणि मुलगी दोघींना घेऊन. ते चौकाच्या कडेला उभे राहिले. तुमच्या जावयानं त्यांना खुर्ची दिली, तर बसले नाहीत.

काल मी पुन्हा तुमच्या घरी गेलो. रेखा एकटीच होती. आता ती दवाखान्यात नर्स आहे. तुमच्यासारखंच समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलते. मी तिला सगळं सांगितलं. शेठ, पत्र्याची खोली, चार ओळी, खिसा. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर विचारलं, "मंग तो कागद तुमी त्या अधिकाऱ्याले देल्ला का?"

"नाही."

"नाई ना देल्ला? मंग झालं. च्या घ्या, थंडा होऊन राहिला."

मी चहा घेतला. पण तुम्ही असता तर मला एवढ्यावर सोडलं नसतं. तुम्ही विचारलं असतं, "देल्ला नाई हे ठीक. पन लिहिला काहून?"

भीती वाटली होती, मंदाबाई. नोकरीला माझं अजून वर्षही झालं नव्हतं. तुम्ही त्या जेसीबीपुढं जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा हजेरीच्या नोकरीत तुमचा तर चौथाच महिना चालू होता.